सहाव्या वर्षाची बॅटरी

प्रिय दातवाली,

तू लिहिलंस की फोन करू नकोस, लिहून कळव. फोनवर तू गोड बोलतोस आणि मग गायब होतोस, कागदावरून पळता येत नाही. बरं, हा घे कागद. यार्डाच्या मागच्या खोलीत बसून लिहितोय. चार टायर एकावर एक रचून वर जुन्या दाराची फळी टाकली आहे, ते माझं टेबल. खिडकीतून विकायला लावलेल्या चौतीस गाड्या दिसतात, त्यांतली एकही माझी नाही. पेन मालकाचं आहे. कागदही त्याचाच, मागच्या बाजूला कुठल्याशा गाडीच्या ब्रेकची तपासणी छापलेली आहे. ती वाचू नकोस, ब्रेक वाईट होते.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. आधी सगळं नीट समजलंय का ते मांडून बघतो, कारण तुला माहीतच आहे, माझं डोकं एका जागी थांबत नाही. तुम्हा दोघांना लग्नाआधी गाडी घ्यायची आहे आणि दहा वर्षं वापरायची आहे. तुझ्या चष्मेवाल्याने (रागावू नकोस, चष्म्याचं दुकान आहे त्याचं, मनात मी त्याला हेच म्हणतो) दहा वर्षांचा तक्ता करून प्लग-इन घ्यायची ठरवली. तुला वाटलं, आपल्या ओळखीत गाड्यांमध्येच लोळणारा एक माणूस आहे, त्यालाही विचारावं. मी कागद पाठवला. माझ्या कागदावर हायब्रिड तुझ्या अडीच पगारांनी स्वस्त निघाली. तो कागद तू त्याच्यापुढे ठेवलास. त्याने विचारलं, प्लग-इनची बॅटरी सहाव्या वर्षी जाईल हे याने कुठून काढलं? तू म्हणालीस, तो रोज त्याच गाड्या हाताळतो, त्याला नाही तर कुणाला कळणार. त्यावर तो म्हणाला, म्हणजे आपल्या घरात शब्द त्याचा चालणार. झालं. आठ दिवस तुमचं बोलणं बंद. गाडीचं बुकिंग पंचवीस तारखेपर्यंत धरून ठेवलंय, आणि लग्नाची नोंद करायची जी तारीख घेतली होती, ती जरा थांबवा म्हणून तू त्या कचेरीतल्या बाईंना सांगून आलीस. आणि मग पत्राच्या तळाशी ती ओळ. ‘तुझा कागद बरोबर असेल तर मी आणखीही काही गोष्टी चुकीच्या मोजल्या असतील. खरं सांग, आकडा बरोबर आहे ना?’

ती ओळ मी इतक्यांदा वाचली की मालक म्हणाला, कोर्टाचं समन्स आलंय का?

म्हणून मंगळवारी रजा काढली आणि आकडे पुन्हा तपासायला निघालो. माझं काम माहीत आहे तुला. विकलेली गाडी नव्या मालकाच्या दारात नेऊन द्यायची, किल्ली हातात ठेवायची, बसने परत यायचं. एका गाडीत माझा मुक्काम जास्तीत जास्त दोन दिवस. पण बारा वर्षांत किती दारांत गेलो असेन, आणि लोक विसरत नाहीत. गाडी आणून देणारा माणूस म्हणजे घरात चांगली बातमी घेऊन येणारा. मी ठरवलं, ज्यांच्याकडे या गाड्या वर्षानुवर्षं आहेत त्यांनाच जाऊन विचारायचं. यार्डात उभी गाडी काय सांगणार? मालक जे सांगायला शिकवेल तेच सांगते.

मधेच एक. परवा एका गाडीच्या सीटवरचं प्लास्टिक काढताना तू आठवलीस. तू यायचीस ना माझ्याबरोबर, सुट्टीच्या दिवशी, दुसऱ्याची नवी गाडी पोचवायला? प्लास्टिकवर घसरत बसायचीस आणि म्हणायचीस की मी आयुष्यात कुठल्याच गाडीच्या खऱ्या सीटला टेकले नाही. परतताना बसमध्ये माझ्या खांद्यावर झोपायचीस. नखांत प्लास्टर असायचं, दिवसभर लोकांच्या कवळ्यांचे साचे करून करून पांढरी झालेली नखं. मी ती मोजायचो. दहाच होती, पण मी पुन्हापुन्हा मोजायचो. असो. गाडीचं सांगत होतो.

पहिल्यांदा वकीलबाईंकडे गेलो. सहा वर्षांपासून त्यांच्याकडे प्लग-इन आहे. मला बघून खूश झाल्या, दिवाणखान्यात बसवलं, आणि म्हणाल्या की फसवलं रे तुम्ही मला, पेट्रोल कमी लागेल म्हणालात, हिला तर माझ्या जुन्या गाडीपेक्षा जास्त लागतं. मी म्हटलं, बघू. मागची डिकी उघडली तर चार्ज करायची केबल प्लास्टिकच्या पिशवीत, कारखान्यातून आली तशी, गाठसुद्धा सोडलेली नाही. सहा वर्षांत एकदाही लावली नव्हती. त्यांचं म्हणणं असं की दिवसभर कोर्टात उभं राहून घरी आलं की पर्स उचलायचा जीव नसतो, त्यात ती वायर कोण लावणार. म्हणजे बघ, हायब्रिडला वायर नसते, ती ब्रेक दाबता दाबता, उतारावर, आपली आपण थोडी थोडी भरून घेते. प्लग-इनला मोठी बॅटरी असते, ती भिंतीतून भरावी लागते, नाहीतर ती नुसतं वजन. वकीलबाई सहा वर्षं दोन माणसांच्या वजनाची रिकामी बॅटरी पेट्रोल जाळून गावभर फिरवतायत. मी त्यांना हे समजावलं तेव्हा त्या म्हणाल्या, माझा नवरा होता तेव्हा तोच करायचा असली कामं. निघताना मी केबल पिशवीतून काढून भिंतीला लावून दिली. दिवा हिरवा लागला. त्यांनी टाळी वाजवली. मला खात्री आहे, तो दिवा पुन्हा लागणार नाही.

तिथून हायब्रिडवाल्या काकांकडे. जमिनीचे नकाशे काढायच्या नोकरीतून निवृत्त झालेत, अकरा वर्षांत एक गाडी. पेट्रोलच्या प्रत्येक पावतीची नोंद आहे. मला वाटलं होतं पाच मिनिटांत काम होईल. पण काका म्हणाले बॅटरी नवव्या वर्षी बदलली, आणि काकू आतून म्हणाल्या, दहाव्या, माझा गुडघा झाला त्या वर्षी. काका म्हणाले गुडघा आधी. काकू म्हणाल्या गुडघा कुणाचा आहे? मग काकांनी वही काढली तर त्या पानावर चहा सांडलेला. तासभर वाद चालला आणि मी दोघांच्या मधे बसून जेवलो. हायब्रिडची बॅटरी लहान असते, बदलायला एखादा पगार लागतो. नववं की दहावं ते काही ठरलं नाही, म्हणून मी ती धरलीच नाही. त्या घरातून उठवत नव्हतं गं मला. ते भांडत होते ना, ते सगळं झालेल्या गोष्टींवरून भांडत होते. आपण दोघं नेहमी व्हायच्या गोष्टींवरून भांडायचो.

आता ते भांडण काढलंच आहे तर सांगून टाकतो. गुरुवार, सकाळी अकरा. तुला आपल्या दोघांसाठी ती जागा भाड्याने मिळाली होती आणि करारावर दोघांच्या सह्या हव्या होत्या. तू मला तीनदा सांगितलंस, चौथ्यांदा माझ्या हातावर पेनाने लिहिलंस. आणि बुधवारी मालकाचा फोन आला की एक व्हॅन तातडीने पोचवायची आहे, तीनशे किलोमीटर. मी म्हटलं, जाऊन येतो, सकाळपर्यंत परत. शनिवारी आलो. हातावरची शाई अजून थोडी दिसत होती. तू एकटीने सही केली होतीस. चिडलीसुद्धा नाहीस. दारात उभी राहून म्हणालीस, ‘मला तुझा राग येत नाही रे. मला फक्त तुझी वाट बघायचा कंटाळा आलाय.’ मी तेव्हा हसलो, कारण मला वाटलं आता तू आत ये म्हणशील. तू खरंच म्हणाली नाहीस, हे मला जिना उतरून खाली आल्यावर कळलं. दादा लहानपणापासून मला भिंगरी म्हणायचा, तूही तेच उचललंस, आणि मलाही त्या नावाची मजा वाटायची. त्या जिन्यावर पहिल्यांदा वाटली नाही.

बुधवारी बेकरीवाल्या ताईंकडे गेलो. त्यांच्याकडे नऊ वर्षांची प्लग-इन आहे, रंग उडालेला, आतून सगळीकडे मैद्याचा वास. पहाटे भट्टी, मग दुकानांना माल पोचवायचा, दुपारी बाराला परत. मी पोचलो तेव्हा त्या नुकत्या आल्या होत्या. गाडीतून उतरल्या, ट्रे काढायच्या आधी केबल लावली, मग ट्रे काढले. बघितलंही नाही त्यांनी केबलकडे, आपण दार लोटतो ना तशी लावली. चार महिन्यांत पेट्रोल भरलं नाही म्हणाल्या, उलट टाकीतलं जुनं होईल म्हणून मुद्दाम थोडं जाळावं लागतं. मी माझं यंत्र लावून बॅटरी तपासली. नऊ वर्षांनी तिची पाऊण ताकद शिल्लक होती. मी दोनदा तपासलं. तिसऱ्यांदा लावायला लागलो तेव्हा त्या हसल्या. म्हणाल्या, बिघडलेली निघावी अशी इच्छा आहे का रे तुझी? मी विचारलं, ताई, एवढी टिकवलीत कशी? त्या म्हणाल्या, ‘घरी आलं की लावायची. त्यात टिकवायचं काय असतं?’ आणि मला दोन गरम ब्रेड कागदात गुंडाळून देताना त्यांनी विचारलं की तू कुठे राहतोस. मी यार्डाचं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, ते नाही, घरी कुठे येतोस? मी ब्रेड घेऊन बसकडे निघालो. साधा प्रश्न होता. तू वर्षानुवर्षं हाच विचारत होतीस, पण तुझ्या आवाजात मला तो कटकट वाटायचा.

आता खरा हिशोब. तो तुझ्या पगारात मोजलाय, कारण मोठे आकडे आले की तुझं लक्ष उडतं आणि माझंही. प्लग-इन घेताना पाच पगार जास्त जातात. भिंतीत सॉकेट बसवायला अर्धा. ती जड असते, विमाही जास्त, टायरही लवकर झिजतात, दहा वर्षांत त्याचा एक पगार. झाले साडेसहा. आता दुसरी बाजू. तू कामाला जाऊन येऊन अडतीस किलोमीटर चालवतेस, भरलेल्या बॅटरीवर गाडी पन्नास जाते, म्हणजे कामाच्या दिवशी पेट्रोलचा थेंब नाही. हायब्रिडला वर्षाला दीड पगाराचं पेट्रोल लागेल. प्लग-इनला वीज आणि सुट्टीतलं पेट्रोल मिळून अर्धा. वर्षाला एक पगार वाचला, दहा वर्षांत दहा. दहातून साडेसहा गेले, साडेतीन उरले. पहिली सहा वर्षं हायब्रिड पुढे राहते, सातव्या वर्षी प्लग-इन तिला गाठते, आणि मग मागे वळून बघत नाही. पण हे सगळं एका गोष्टीवर उभं आहे. ती गाडी रोज संध्याकाळी कुणीतरी भिंतीला लावली पाहिजे. कधीतरी नाही, आठवलं तर नाही. रोज. ते ज्याला जमत नाही त्याने हायब्रिड घ्यावी, किंवा माझ्यासारखं दुसऱ्यांच्या गाड्या चालवाव्यात.

तू तुझ्या पत्रासोबत त्याचा तक्ताही पाठवलास. बघ जरा, याने काय काय धरलंय, असं लिहिलंस. मी बघितला. आधी मी हसायलाच बसलो होतो. पट्टीने आखलेल्या रेघा, प्रत्येक वर्षाला वेगळा रकाना, चष्म्याच्या नंबरासारखं बारीक अक्षर. म्हटलं, डोळे आणि दात एकाच घरात, म्हातारपणाची चांगली सोय केलीस. मग वाचायला लागलो. सॉकेटच्या पुढे लिहिलंय, ‘बसवला. वरच्या मजल्यावरच्यांची हरकत होती, सातव्या बैठकीत मिटली.’ सात बैठका, दातवाली. त्याच्या खाली, ‘तिला यायला उशीर होईल त्या दिवशी केबल मी लावणार.’ चौथ्या वर्षाच्या रकान्यात मागच्या सीटवर लहान मुलाची खुर्ची, आणि पुढे कंसात प्रश्नचिन्ह, अगदी हलकं, पेन्सिलीने, जणू तुला विचारल्याशिवाय शाईने लिहायची हिंमत नव्हती. सातव्या वर्षी, तुझ्या आईला चढउतार सोपी व्हावी म्हणून पुढची सीट उंच करून घेणे. नवव्या वर्षी लिहिलंय, ‘कदाचित तिला लांबची नोकरी, तसं झालं तर मी दुकान हलवीन, अंतर तेच धरले आहे.’ मी ते वाचलं आणि मग बाहेर जाऊन त्या चौतीस गाड्यांमधून उगाच फिरून आलो. माझ्या कागदावर किलोमीटर होते, पेट्रोल होतं, बॅटरी होती. माणूस एकही नव्हता. तूसुद्धा नव्हतीस.

मालकाने गेल्या आठवड्यात मला इथेच कायमचं काम देऊ केलंय, बॅटऱ्या तपासायचं. फिरायचं नाही, महिन्याच्या महिन्याला पगार, आणि वरची एक खोली. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ती खोली बघून आलो. भिंतीला सॉकेट आहे का तेसुद्धा बघितलं, हसशील तू. मी तिथे उभा राहून दहा वर्षं मोजायचा प्रयत्न केला, त्याच्यासारखी, एकेक रकाना. पहिल्या वर्षात तू होतीस. दुसऱ्यातही होतीस. तिसऱ्या वर्षात मी कुठे असेन ते मलाच सांगता येईना. नोकरी घेतली आहे, पण ती तुझ्यासाठी घेतली असं समजू नकोस. ते समजायची वेळ त्या गुरुवारी सकाळी अकराला होती.

आता हे पत्र कशासाठी लिहिलं ते. सहाव्या वर्षी बॅटरी बदलावी लागेल, सहा पगार, ती ओळ मी मनाने घातली होती. चुकून नाही. पहिल्यांदा हिशोब केला तेव्हाही साडेतीन पगारांनी प्लग-इनच जिंकली होती, आणि ती त्याची गाडी होती. मी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसलो आणि मग ती एक ओळ मधे घुसवली. म्हटलं, एवढ्याने काय होतंय. कंपनीच आठ वर्षांची हमी देते, ते पुस्तक माझ्या खणात पडलेलं होतं. मंगळवारी मी तपासायला निघालो नव्हतो गं. मी सहाव्या वर्षी मेलेली एक बॅटरी शोधायला निघालो होतो, एकच मिळाली असती तरी तुला ‘हो, बरोबर आहे’ असं लिहिलं असतं, आणि तू आणखी काय काय चुकीचं मोजलंस ते सांगायला मी उद्याच तुझ्या दारात आलो असतो. मिळाली नाही. तू कुणाशी लग्न करावंस हे सांगणारा मी कोण, नको वाटत असेल तर नको करूस, पण माझ्या खोट्या ओळीमुळे मोडू नकोस. त्याला हे पत्र दाखव, सगळं, नखांचंसुद्धा, मला चालेल. त्याचा तक्ता बरोबर आहे. फक्त टायरचा खर्च त्याने थोडा कमी धरलाय, जड गाडीला चार वर्षांत लागतात, पाच नाही. पण वाचून झालं की आधी त्याच्याशी बोल. टायरचं नंतर सांगितलंस तरी चालेल.

या कागदापुरता तुझाच,
भिंगरी